‘धर’ कोण म्हणालं

वटामू, ३ ऑगस्ट

अथमान दादा,

तुझा निरोप पोचला. मार्लिन माशासाठी सहा आमिषं हवीत म्हणे, ‘कावळे’. शिंगाचं तिरकं कापलेलं डोकं, काळी-जांभळी झालर, आणि महिन्याच्या आत, कारण तिकडे विलांकुलोला मार्लिनचा हंगाम तोंडावर आलाय. आणि निरोप पाठवलास कुणाला, तर फमाऊला. माझ्या नवऱ्याला. ज्याच्या उजव्या हाताची तीन बोटं फेब्रुवारीत तुझ्या बोटीमागे समुद्रात गेली त्याला.

तुला लाज नाही हे मी लहानपणापासून बघत आलेय. पण इतकी नाही, हे आत्ता कळलं.

आणि तो येडा लगेच बसला की कामाला. डाव्या हातानं शिंग घासतोय, उजव्याच्या अंगठ्यानं आणि करंगळीनं दाबून धरतोय, दर दोन मिनिटांनी ते निसटून जमिनीवर पडतंय. मी कानस काढून घेतली. म्हटलं, कुणासाठी चाललंय हे?

“आपल्या अथमानसाठी. असं डोकं दुसरं कुणी कापून देत नाही त्याला.”

“आपला? कधीपासून आपला?”

“अगं, काम आहे. हाताला वळण लागतंय.”

कावळा मिळणार नाही. एकही नाही. तो पाण्यात कसा चालतो ते तुला माहितीये, म्हणून तर मागतोयस. दोन लाटा पाण्याखालून जातो, तिसरीला वर येऊन फुरफुरतो, मागे बुडबुड्यांची रेघ सोडतो, आणि खालून बघणाऱ्या मार्लिनला वाटतं की घाबरलेला कुपा पळतोय. ही चाल फमाऊच्या बोटांत होती. ती बोटं कुठायत ते तू मला सांग, मग बघू.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवीये. त्या दिवशी बोटीवर तुम्ही तिघं होतात. खुर्चीत गळाची काठी घेऊन तुझं गिऱ्हाइक, तो गोरा पेनरोज, मागच्या कठड्याशी गळाची तार हातानं ओढून घ्यायला फमाऊ, वर सुकाणूला नाखवा तू. सकाळी लागलेला मासा दुपारी बोटीशी आला. फमाऊनं तारेला हात घातला, हातमोज्यावर दोन वेढे घेतले, आणि मासा उलटला तो सरळ खाली गेला. तेव्हा बोटीवर कुणीतरी ओरडलं. पेनरोज मासेमारीच्या क्लबात सांगतो की तो ‘सोड’ म्हणून ओरडला. आणि तू, माझा सख्खा भाऊ, क्लबाच्या लोकांसमोर मान हलवलीस. हो, सोडच म्हणाला. म्हणजे काय झालं? सोड सांगितलं आणि तारवाल्यानं सोडलं नाही. हावरट होता किंवा बहिरा होता. किनाऱ्यावर आता त्याला ‘डिंक्या’ म्हणतात. चिकटला तो सुटेचना म्हणून डिंक्या.

मी सांगते काय झालं ते. पेनरोज ‘धर’ म्हणाला. हजार पौंड वजनावरचा मासा त्याला वजनकाट्याला टांगून फोटो काढायचा होता. तू ऐकलंस आणि मूग गिळून बसलास, आणि दोन महिन्यांत तुला मोझांबिकात नवीकोरी बोट मिळाली. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

आता नीट वाच. म्हाताऱ्या कोंबोबाबांची नजर अधू झालीये. यंदाच्या हंगामात ते सुकाणू सोडणार, आणि त्यांच्या मनात फमाऊ आहे. सुकाणू धरायला सगळी बोटं लागत नाहीत. पण बाबांच्या बोटीवरचे दोघं खलाशी म्हणतात, ज्याला सोड ऐकू येत नाही त्याच्या हाताखाली आम्ही उभे राहणार नाही. डिसेंबर लागला की बाबा ठरवणार. हे सुकाणू गेलं तर फमाऊ परत समुद्रावर जात नाही, आणि तो माणूस जमिनीवर किती दिवस टिकेल ते तुला माझ्याइतकंच ठाऊक आहे.

तेव्हा तोंड उघड. पेनरोज काय ओरडला ते सांग.

नाइलाजानं तुझीच बहीण,
मेजुमा


वटामू, २६ सप्टेंबर

दादा,

लेसो मिळाली. विलांकुलोत बसून मोंबासाच्या दुकानातून मागवलीस, नातेवाइकाच्या हाती पाठवलीस, केवढा तो खटाटोप. केशरी कापड, काळ्या काजूंची नक्षी, आणि खाली, लेसोवर असतं तसं, छापलेलं वाक्य: ‘झालं ते झालं, पुढचं बघू.’

दुकानात इतक्या लेसो असतात. ‘मी चुकलो’ अशी नव्हती का? ‘तोंड दाखवायला जागा नाही’ अशी नव्हती? तुला वाटलं, ही कमरेला गुंडाळून मेजुमा बाजारातून जाईल, बायका वाक्य वाचतील, आणि गावभर होईल की बहिणीनं भावाला माफ केलं. तोंडानं एक शब्द न काढता काम फत्ते. मी तिचे तुकडे केले आणि मासे कापायच्या फळीखाली घातले. काजू दिसत नाहीत आता.

आणि सोबतची चिठ्ठी. ‘वारा होता, नीट ऐकू आलं नाही.’ वा. क्लबात तर घंटेसारखं ऐकू आलं होतं. हा वारा तुझ्या सोयीनं वाहतो वाटतं. आई घराच्या दारातून हाक मारायची तेव्हा तू प्रवाळाच्या पलीकडून ओ द्यायचास, आणि आता सहा हातांवरचा माणूस ऐकू येत नाही.

परवा बोटी पाण्यात उतरवल्या. दक्षिणेचा वारा पडलाय, सगळा किनारा दोरखंड ओढायला आला होता. फमाऊही गेला. नको म्हटलं तरी गेला. मी बर्फाच्या खोलीपाशी उभी होते. तो दोरीला हात लावतो न लावतो तोच कोंबोबाबांच्या बोटीवरचा तो लांबुडका सालिमू ओरडला, “डिंक्या, सोड रे, सोड, सोड.” सगळे खो खो हसले. फमाऊसुद्धा हसला. घरी येऊन म्हणतो, पोरं आहेत, चालायचंच.

मी म्हटलं, तुझ्या अंगात रक्त आहे की माडाचं पाणी?

“मेजुमा, चिडून बोटं उगवतात का?”

हे त्याचं उत्तर. मग रात्रंदिवस चिडायचं काम माझ्या एकटीवर येतं.

एक गोष्ट मी क्लबात विचारून घेतली. तारवाल्याचा हात तारेला लागला की मासा धरला असं मानतात. मग सोडून दिला तरी चालतं, निशाण फडकवायला मिळतं. मग त्या दिवशी फमाऊचा हात तारेला लागला तेव्हाच सगळं झालं होतं ना? पुढे धरून ठेवायचं कारणच काय? ज्याला मासा मेलेला हवा होता, वजनकाट्याला टांगलेला हवा होता, त्यानंच ‘धर’ म्हटलं असणार. दुसरं कोण? पेनरोज नोव्हेंबरात येतोय. येऊ दे. त्याची वाट बघतेय मी.

मेजुमा


वटामू, ११ नोव्हेंबर

अथमान,

दादा लिहीत नाही. पुढे वाचशील तेव्हा कळेल का ते.

पेनरोज आला. शनिवारी दुपारी बोट खाडीत शिरली, दोन मोरमाशांची निशाणं लावून, दोन्ही सोडलेले. मी मासे धुतलेल्या पाण्याचं घमेलं घेऊन धक्क्यावर उभी होते. तो उतरला, मला ओळखून हसला, हात पुढे केला. मी घमेलं त्याच्या पायांवर ओतलं. खवले, रक्त, सगळं. म्हटलं, खोटारड्या, माझ्या नवऱ्याला ‘धर’ म्हणालास आणि क्लबात ‘सोड’ सांगितलंस.

तो म्हातारा माणूस तसाच उभा राहिला, बूटसुद्धा पुसले नाहीत. त्याची ती मोडकी भाषा तुला माहितीये.

“ताई, मी सोड बोललो. दोन वेळा सोड बोललो. मला मासा नको होता. हात लागला, मासा झाला. मला घरी जायचं होतं.”

“मग माझ्या भावाला बोट कशाला घेऊन दिलीस?”

“कुठला बोट? अथमान कुठे आहे? तो माझा फोन घेत नाही.”

माझा विश्वास बसला नाही. तशीच कोंबोबाबांकडे गेले. कडुनिंबाखाली बसून कसावा सोलत होते. मी सगळं सांगितलं, म्हटलं तुम्ही चार नाखव्यांना बोलवा आणि त्या गोऱ्याला खोटं पाडा. त्यांनी ऐकून घेतलं आणि मलाच विचारलं:

“पोरी, तू नवऱ्याला वाचवतेयस की बुडवतेयस?”

“म्हणजे?”

“समज, गोरा धर म्हणाला. मग फमाऊनं ऐकलं कशाला? सोड कुणीही म्हणावं. गिऱ्हाइकानं म्हणावं, पाहुण्यानं म्हणावं, चहा करणाऱ्यानं म्हणावं. धर म्हणायचं ते फक्त नाखव्यानं. गिऱ्हाइकाच्या धरवर धरणारा तारवाला मी भांडी घासायलासुद्धा घेणार नाही.”

ते सोलत राहिले. मग त्या ढगाळ डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “फमाऊ माझ्याकडे शिकलाय. तो गिऱ्हाइकाचं ऐकणारा नाही.” आणि पुन्हा कसावा सोलायला लागले. पुढचं सांगायची गरज नव्हती.

घरापर्यंतची वाट मी कशी चालले ते मला आठवत नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती. फमाऊ दारात बसून झालरी कापत होता. मी विचारलं, “आवाज कुणाचा होता?”

“कसला आवाज?”

“कसला ते तुला माहितीये.”

“वारा होता ग.”

तोच वारा. तुमचा दोघांचा वारा एकच आहे. मी त्याच्या हातातली कात्री घेतली, त्याच्यासमोर जमिनीवर बसले. म्हटलं, “माझ्याकडे बघ. धर वरून आलं ना? सुकाणूवरून?”

बराच वेळ त्यानं खाली पडलेले तुकडे गोळा केले. मग म्हणाला, “तुला भाऊ एकच आहे, मेजुमा. माझी बोटं अजून सात आहेत.”

ऐकलंस? नऊ महिने. नऊ महिने हा माणूस किनाऱ्यावर डिंक्या म्हणवून घेत होता, माझ्या मनात माझा भाऊ शाबूत राहावा म्हणून. आणि नऊ महिने मी त्या गोऱ्याला शिव्याशाप दिले, वड्याचं तेल वांग्यावर काढलं, भर धक्क्यावर त्या म्हाताऱ्याच्या अंगावर घाण ओतली. तू तिकडे बसून माझी पत्रं वाचत होतास. पहिल्याच पत्राला कळलं असणार तुला की बहीण भलत्याच झाडाला दगड मारतेय. मारू दिलेस. आणि ती मोझांबिकातली बोट लाच नव्हती, तुझी पळवाट होती.

तू होतास. ‘धर’ तू म्हणालास. मासा झाला होता, निशाण लागणार होतं, पण तुला तो टांगलेला हवा होता. क्लबाच्या भिंतीवरच्या फळीवर नाव हवं होतं: नाखवा अथमान, हजारावरची मार्लिन. त्या फळीसाठी माझ्या माणसाचा हात.

आणि मग तू मान हलवलीस. गोरा खरं बोलत होता, त्याच्या खऱ्याआड तू लपलास. तो ‘सोड’ म्हणाला हे खरंच होतं, तुझी बोली त्याला कळली नसणार, आणि तू फक्त तुझं ‘धर’ खाऊन टाकलंस. मला विचार येतो, हे तू तिथल्या तिथे ठरवलंस की बोट किनाऱ्याला येईपर्यंत, फमाऊ टॉवेलात हात गुंडाळून पडला होता तेव्हा?

आता ऐक. डिसेंबरच्या पहिल्या शुक्रवारी, नमाजानंतर, सगळे नाखवे कडुनिंबाखाली बसतील आणि बाबा सुकाणूचं ठरवतील. मी बोलून उपयोग नाही, मी बोटीवर नव्हते. म्हणतील, बायको आहे, बोलणारच. फमाऊ मेला तरी बोलणार नाही. तूच हवास. ये, आणि ज्या तोंडानं ‘धर’ म्हणालास त्याच तोंडानं सांग.

मेजुमा


वटामू, २७ नोव्हेंबर

अथमान,

फोन केलास म्हणे. मला नाही, फमाऊला. हा चोरून फोन घ्यायला शौचकूपाच्या मागे गेला आणि मला कळणार नाही असं दोघांना वाटलं.

म्हणालास, येईन, पण मेजुमानं चारचौघांत अपमान करायचा नाही. आणि मग घरी जेवायला बसू सगळे, पहिल्यासारखे. अटी घालतोस? चोर तो चोर, वर शिरजोर. फमाऊ म्हणतो, जाऊ दे ना, तो घाबरलाय. आईसुद्धा मालिंदीहून निरोप धाडते, सोडून दे, भाऊ आहे. सगळे मलाच शिकवतात. ज्यानं ‘सोड’ म्हणायला हवं होतं त्याला त्या दिवशी कुणी शिकवलं नाही.

मी चारचौघांत तोंड उघडणार नाही, हे कबूल. बायका तिथे बसतच नाहीत. बाकीचं कबूल नाही.

मेजुमा


वटामू, शुक्रवार, ५ डिसेंबर

अथमान,

तू माझ्या दाराबाहेर ओट्यावर बसला आहेस आणि मी आत बसून हे लिहितेय. दाराखालून सरकवते. बोलायला गेले तर काय बोलेन याचा मला भरवसा नाही.

मी तिथे होते. बर्फाच्या खोलीआड उभी होते, सगळं ऐकलं. इस्त्रीचा शर्ट घालून आलास. कोंबोबाबांनी बसायला जागा केली नाही, तेव्हा उभाच राहिलास. सुरुवातच केलीस, “त्या दिवशी वारा बराच होता.” मी म्हटलं, गेलं, हा आता निसटतो. मग सालिमू म्हणाला, “हा तर डिंक्याचा मेहुणा, आणखी काय सांगणार,” आणि दोघं-तिघं हसले. तू फमाऊकडे बघितलंस. तो हात मांडीखाली घालून बसला होता, नेहमी बसतो तसा. त्यानंतर तुझा आवाज बदलला.

“सोड तो गोरा म्हणाला. धर मी म्हणालो. तीनदा म्हणालो. तिसऱ्यांदा म्हणालो तेव्हा याचा हात पाण्याखाली होता.”

तीनदा. मला वाटलं होतं एकदाच. घाईत, तोंडातून निघून गेलं असेल. मनातल्या मनात मी तुझ्यासाठी तेवढी जागा ठेवली होती. फमाऊनं मला हेही सांगितलं नव्हतं.

कुणी हसलं नाही. बाबांनी फमाऊला विचारलं, खरं का? तो म्हणाला, “नाखव्याचा आवाज होता, बाबा. मी ऐकला.” तेवढंच. बाबांनी गळ्यातली बोटीची किल्ली काढून त्याच्या डाव्या हातात दिली आणि म्हणाले, पहाटे निघायचंय, गिऱ्हाइक वेळेवर येणारं आहे, उशीर करू नकोस. सालिमू खाली मान घालून उठला आणि न सांगता फमाऊची आमिषांची पेटी उचलून बोटीकडे गेला. डिंक्या ते म्हणत राहतीलच. या किनाऱ्यावर नाव एकदा पडलं की जात नाही. पण त्याच्या हाताखाली उभे राहतील.

आता फमाऊ तुझ्याशेजारी बसून हसतोय. मला ऐकू येतंय. कावळा बोटीमागच्या चौथ्या लाटेवर चालवावा की पाचव्या, यावर वाद घालताय दोघं. पुरुषांचं बरं असतं. एकानं दुसऱ्याचा हात खाल्ला आणि दोघं आमिषांवर बोलतायत. तो तुला माफ करून मोकळा झाला, आणि त्याच्या वाटणीचा राग माझ्या ओटीत टाकून गेला. तो मी कुठे ठेवू?

तू आज खरं बोललास, ते मी मोजलंय. मोजून बाजूला ठेवलंय. पण तू बोललास आणि माझ्या मनातला जुना अथमान परत आला, असं काही झालं नाही. मला तुझा राग येतो, गप्प राहिल्याबद्दल फमाऊचा येतो, आणि तू सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस हे मला तुझ्या आवाजावरून कळतंय, याचाही येतो.

दार उघडणार नाही. नारळाच्या दुधातला मासा केलाय. तांदूळ तिघांचा पडला, हाताच्या सवयीनं. ताट फमाऊच्या हाती मागच्या दारानं पाठवते. त्याच्या हातातून पटकन घे, गरम ताट त्याला फार वेळ धरवत नाही. पोटभर जेव. लागलं तर आणखी माग, त्याच्याकडे माग.

पण जेवून झाल्यावर दाराशी येऊन मला हाक मारू नकोस. तुझा आवाज मला अजून ऐकवत नाही.

मेजुमा